चालणं चालेल का

"चालणं हा व्यायाम नव्हे," दादा फोनवर म्हणाला. "चालणं म्हणजे नुसतं इथून तिथे जाणं."

माझा हा थोरला भाऊ रोज पहाटे दहा किलोमीटर पळतो आणि उरलेला दिवस ते लोकांना सांगण्यात घालवतो. मी वीज कंपनीत मीटर वाचायला जाते. दिवसाला अकरा किलोमीटर चालते आणि कोणाला सांगत नाही. शिवाय आठवड्यातून तीनदा जिममध्ये वजनं उचलते. तेही सांगितलं नसतं, पण विषय बाबांचा होता.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू करा, आठवड्यातून दोनदा. असा व्यायाम करवून घेणारं केंद्र आमच्या समोरच्याच फुटपाथला लागून आहे, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून दोघांनी न्यावं, तर जिना इतका अरुंद की वळणावर खुर्ची अडते. हे बाबांनीच सांगितलं, आणि या विषयात त्यांच्या शब्दाबाहेर जाण्याची सोय नाही. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची बिऱ्हाडं हलवली आहेत. हॉस्पिटलमधून आणताना चौघांनी त्यांना चादरीत घालून वर आणलं, तेव्हाही ते आतून "डावीकडून घ्या, कोपरा सांभाळा" म्हणून ओरडत होते.

दादाचं घर तळमजल्यावर आहे. नऊ तासांवर. त्याचं म्हणणं, बाबांना कायमचं तिकडे न्यावं. बाबा म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा. मला काय, कुठेही ठेवा." बाबा गेले असते, तर घरात मी आणि फ्रीज एवढेच उरलो असतो. मी म्हटलं, मी नेईन पाठुंगळीला. डॉक्टरांनीही मान हलवली, सहा आठवड्यांनंतर हरकत नाही म्हणाले.

"चौपन्न किलो आहेत ते," दादा म्हणाला.

"मी साठ घेऊन बैठका मारते."

"उचलशील गं. पण चार मजले चढायला दम लागतो. दम चालून येत नाही."

शेवटी ठरलं ते असं: सहा आठवड्यांनी, रविवारी, दादा येणार. मी बाबांना खाली न्यायचं, केंद्राच्या फाटकाला हात लावायचा आणि वर आणायचं. वर येताना टेका एकदाच. जमलं तर बाबा इथे, नाही तर दादाकडे. टेका म्हणजे ओझं टेकवून श्वास घेणं, हा बाबांच्या धंद्यातला शब्द. दादाला तोही द्यायचा नव्हता, पण बाबा म्हणाले, टेका नाही दिला तर गडी पळून जातात.

मी जिममधल्या कोचला विचारलं, "वजनं आहेतच. दमासाठी चालणं चालेल का?"

"चालेल," तो म्हणाला. "पण चालायला हवं."

यातलं कुठलं चालणं कुठलं, ते मी विचारल्यावर त्यालाही सांगता येईना.

तिसऱ्या आठवड्यात रंगीत तालीम घेतली. चौपन्न किलो वाळू दोन पोत्यांत भरून पाठीला बांधली. उतरले झकास. चढताना दुसऱ्या मजल्यावर माझा कारभार आटोपला. पाय शाबूत होते, दमच नव्हता. मी पायरीवर बसून माशासारखं तोंड उघडमीट करत होते, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. मला पाहिलं, पोती पाहिली, म्हणाल्या, "आम्ही नाही मागवली," आणि दार लावून घेतलं.

घरी आल्यावर बाबांनी माझी उलटतपासणी घेतली.

"दिवसाला अकरा किलोमीटर?"

"अकरा."

"सलग?"

"सलग कसं? मध्ये मीटर येतात ना."

"किती?"

"दोनशे चाळीस."

बाबांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे दर साठ पावलांना थांबा. आणि मीटर कितव्या मजल्यावर असतात?"

मीटर जिन्याखाली असतात. सगळे. एकोणीस वर्षांच्या नोकरीत कामासाठी मी एक पायरी चढले नव्हते, आणि ही गोष्ट माझ्या तोपर्यंत लक्षातही आली नव्हती.

"आपला जिना चढतेस की रोज," ते म्हणाले.

"दुसऱ्या मजल्यावर पिशवी ठेवून किल्ली शोधते."

"पोरी, तू चालत नाहीस. तू थांबतेस, आणि अधूनमधून पुढे सरकतेस."

राग आला मला, कारण खरं होतं. मी म्हटलं, मग उद्यापासून पळते दादासारखी. बाबा म्हणाले, "कपाट घेऊन कोणी पळत नाही. मागे पोलीस असले तर गोष्ट वेगळी."

आणि त्यांनी मला त्यांच्या गड्यांची पद्धत लावली. जिना चढताना बाबा गोष्ट सांगायचे आणि ओझ्याखालच्याने हुंकार द्यायचा. 'हं' खणखणीत आला, तर चला. तुटका आला, तर हळू. आलाच नाही, तर टेका. माझ्यासाठी त्यांनी पाण्याच्या टाकीची चढण निवडली. पाठीवर दहा किलो, चाळीस मिनिटं, न थांबता, आणि कानात फोनवर बाबा. दम लागला पाहिजे, पण हुंकार तुटता कामा नये, एवढाच नियम. फार सोपं गेलं की ते म्हणायचे, "लाडात आलीयेस, वेग वाढव." गोष्टी सगळ्या कपाटांच्या. एक कपाट घरात गेलं आणि बाहेर येईना, म्हणून शेवटी घरमालकाने कपाट ठेवून घर विकलं, ती ऐकताना हसू आवरेना म्हणून मी थांबले, तर लगेच ओरड आली, "पाय कुठे गेले?"

तीन आठवडे हेच. जोडीला एक दिवसाआड जिना, वाळूसकट. शेवटच्या शुक्रवारी मी वाळू घेऊन चौथ्या मजल्यावर पोचले, पण दोन टेके घेऊन. बाबांना एकच सांगितला. खोटं बोलताना माझा हुंकार अगदी खणखणीत होता.

रविवारी दादा आला. त्याच्या मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ होतं. चहा घेतानासुद्धा तो ते बघत होता.

उतरण्यात काही विशेष नाही. फाटकाला हात लावला. केंद्र बंद होतं, तरी बाबांनी गजांतून आत पाहून घेतलं. मग चढायला लागले. मागून दादा, दोन्ही हात पुढे करून, पडलोच तर झेलायला. बाबांनी गोष्ट सुरू केली, तीही मी आधी ऐकलेली.

पहिला मजला, हं. दुसरा मजला, हं. काकूंचं दार किंचित उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये माझा हुंकार तुटायला लागला. तिसऱ्यावर मी बाबांना भिंतीला टेकवून उभी राहिले. छाती भात्यासारखी चालली होती. हा एक. आता उरलेला मजला एका दमात, नाही तर बाबा नऊ तासांवर.

शेवटच्या मजल्यावर बाबा हलके वाटायला लागले. वाळूपेक्षा पुष्कळच हलके. मला वाटलं, चालणं फळाला आलं. गोष्ट तर ते कधीच विसरले होते, नुसतं "हं? हं?" विचारत होते, आणि मी "हं, हं" म्हणत होते. पोचलो. मी त्यांना पलंगावर ठेवलं आणि जमिनीवर आडवी झाले.

"जमलं," मी छताला म्हटलं.

मी मान वळवून पाहिलं. दादा घड्याळ नाही, बाबांचा डावा हात बघत होता. बाबा तो पांघरुणाखाली घालायला निघाले होते, पण उशीर झाला होता. आमच्या जिन्याला भिंतीच्या कडेने एक लोखंडी दांडा आहे, त्याच्या हिरव्या रंगाचे पोपडे निघतात. बाबांचा तळवा हिरवागार झाला होता आणि दोन ठिकाणी सोलून रक्त आलं होतं. पायांत जोर नसला तरी खांदे चाळीस वर्षं कपाटं ओढलेल्या माणसाचे होते. ते दांड्याला धरून स्वतःला पायरीपायरीने वर ओढत आले होते. दादाच्या नाकासमोर, पण दादा माझ्या पायांकडे बघत होता.

मी उठून बसले. इतके दिवस मी समजत होते, बाबांनी इथेच राहावं ही इच्छा एकटी माझीच आहे.

"नियमात हात लावायचा नाही असं कुठे म्हटलं होतं?" बाबा पुटपुटले.

दादा उठून आत गेला. ओला टॉवेल घेऊन आला, बाबांच्या शेजारी बसला आणि त्यांचा तळवा पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता. रंग निघून गेल्यावरही.

"केंद्रात पहिला दिवस कधी?" त्याने मला विचारलं.

"मंगळवारी. दहाला."

"बाबा," दादा म्हणाला, "मंगळवारी हातमोजा घाला."