अगस्त्यभस्म आणि कृष्णक्कांचे पाय

चिकपेटेतल्या धर्मशाळेच्या माडीवर त्या गुरुवारी सकाळी एवढी झुंबड उडाली होती, की खालच्या कापडवाल्यांनी ठाणं उलगडायची सोडून जिन्याकडे तोंड करून उभं राहणं पसंत केलं. वर बिंदुमाधव महाराज समुद्र पाजत होते. माणसांना नव्हे, भस्माला.

समोर चौरंगावर चांदीचा पेला, त्यात काठोकाठ पांढरंशुभ्र भस्म. महाराज पळीपळीनं त्यावर पाणी सोडत होते आणि तोंडाचा पट्टा चालूच होता.

"हे रामेश्वरचं पाणी, बरं का. समुद्रच हा. अगस्त्यमुनींनी एका आचमनात समुद्र प्यायला, तो काय उगीच? त्यांच्या ओंजळीतून जे थेंब सांडले, ते ज्या वाळूवर पडले, तिचं हे भस्म. पाहा, पितंय. अजून पितंय. अण्णा, स्वल्प मागं सरा, त्याला पिऊ द्या."

वीस पळ्या झाल्या, तीस झाल्या. पेला भस्मानं भरलेला, तरी जवळजवळ पेलाभर पाणी त्यात गडप झालं आणि काठावरून एक थेंब ओघळला नाही. मग महाराजांनी पेला सरळ उपडा धरला. खाली काही पडलं नाही. माडीभर "नारायण, नारायण" झालं.

"जे भस्म समुद्र पितं," महाराज म्हणाले, "ते तुमच्या पायातलं पाणी ठेवील होय?"

भिंतीशी उभी असलेली पद्मावती दातओठ खात हे बघत होती. ती बायकांच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अलसूरच्या तळ्यातलं शेवाळ बाटल्यांत भरून नेते म्हणून गल्लीत तिला शेवाळवाली म्हणायचे. तमाशा बघायची हौस तिला नव्हती. तिची आत्या, कृष्णाबाई, गल्लीच्या कृष्णक्का, पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. पद्मावतीची आई गेल्यापासून या आत्यानंच तिला वाढवलं, शिकवलं.

आत्याचं हृदय कमजोर होतं. पाय सुजून खांबासारखे झाले, तेव्हा शिवाजीनगरच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: रोज सकाळी एक गोळी आणि मीठ पूर्ण बंद. गोळी आत्यानं घेतली. मिठाचं ऐकून मात्र ती डॉक्टरांच्या तोंडावर हसली. पानावर आधी मीठ वाढायचं, मग बाकीचं. बिनमिठाचं पान वाढायला आपण काय आजारी आहोत, असं ती घरी येऊन म्हणाली. लोणचं चालू राहिलं, पापड-सांडगे चालू राहिले आणि सूजही राहिली.

मग महाराज भेटले. त्यांनी चाळीस दिवसांचं व्रत दिलं. रोज चिमूटभर भस्म, परदेशी औषधाला शिवायचं नाही, आणि मीठ वर्ज्य, कारण मीठ हे समुद्राचं लेकरू, ते अंगात आपल्या बापाला बोलावून घेतं. आत्यानं एका शब्दानं विचारलं नाही. जन्मभर तिनं चातुर्मासात एक महिना भाजी सोडली, एक महिना दही, एक महिना दूध, एक महिना डाळी. सोडणं तिच्या हाडीमांसी भिनलेलं. डॉक्टरांनी सांगितलं ते पथ्य होतं. महाराजांनी सांगितलं ते व्रत झालं. अकराव्या दिवशी, म्हणजे आज, तिचा घोटा दिसायला लागला होता, आणि अख्खी गल्ली तो घोटा बघून गेली होती.

"आत्या, पाय उतरले ते मीठ सोडल्यामुळे," घरी आल्यावर पद्मावती शंभराव्यांदा म्हणाली. "डॉक्टर तेच सांगत होते."

"त्यांनी सांगितलं तेव्हा उतरले का?"

"तेव्हा तू सोडलंस कुठे?"

"बघ पद्दी, म्हणजे त्यांच्या सांगण्यात बळ नव्हतं."

घोटा दिसत होता, पण गोळी बंद झाल्यापासून आत्याला उंबरा ओलांडला तरी धाप लागत होती. महाराज म्हणत, जुना रोग बाहेर पडतोय. गोळी दुधात विरघळवून गुपचूप द्यावी, असं पद्मावतीच्या मनात दहा वेळा आलं. पण फसवूनच बरं करायचं, तर मग त्या बुवात आणि आपल्यात फरक काय, म्हणून तिनं ते केलं नाही. गोळ्यांची डबी नुसती पर्समध्ये घेऊन ती हिंडत राहिली.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या पुडीतली चिमूट तिनं कॉलेजात मायक्रोस्कोपखाली ठेवली, आणि बघताक्षणी ओळखलं. काचेच्या बारीक डब्या होत्या त्या. गोल, होडीसारख्या, सुईसारख्या, आणि प्रत्येकीला शेकडो भोकं. ती तळ्यातून आणायची त्याच जातीच्या शेवाळाची ही मेलेली घरं होती, फक्त समुद्रातली. अशा डब्यांचे थर जमिनीत सापडतात, आणि पोती भरभरून कारखान्यांत जातात. तिच्याबरोबर शिकलेला दामोदर राजाजीनगरच्या एका औषधी सिरपच्या कारखान्यात होता. त्यानं डबाभर पूड तिच्या हातावर ठेवली.

"आम्ही सिरप गाळतो यातून," तो म्हणाला. "तुझे महाराज काय गाळतात?"

"अक्कल," पद्मावती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी, आत्याच्या व्रताच्या अठराव्या दिवशी, ती मायक्रोस्कोप आणि डबा घेऊन माडीवर चढली. आत्याला तो जिना चढायला तीनदा बसावं लागलं. महाराजांनी पद्मावतीला अडवलं नाही. उलट हसून म्हणाले, "बघा, बघा. सत्याला काचेचं भय कसलं?"

सगळ्यात आधी शेजारचे नरसिंहराव पुढं झाले. आयुष्यभर कचेरीत हेडक्लार्क, कागद दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. पद्मावतीनं महाराजांच्याच भस्माची चिमूट भिंगाखाली ठेवली, त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ हलले नाहीत.

"चक्र आहे," ते म्हणाले. "आरे आहेत, धाव आहे. सुदर्शन चक्र."

झालं. रांग लागली. जो तो डोळा लावी आणि हात जोडी. एका बाईंनी कॉलेजच्या मायक्रोस्कोपला हळदकुंकू वाहिलं. "या मुलीच्या हातून भगवंतानं दर्शन घडवलं," महाराज म्हणाले, आणि त्यांनी चक्क पद्मावतीलाच आशीर्वाद दिला.

ते यंत्र उचलून खिडकीबाहेर फेकावं असं तिला वाटलं. रागानं डोळे भरून आले. चार वर्षं शिकलो, सहा वर्षं शिकवतो आहोत, आणि आयुष्यात पहिल्यांदा शंभर माणसांना खरं काही दाखवलं, तर त्यांनी त्याची पूजा केली. पण आत्या भिंतीला टेकून तोंडानं श्वास घेत होती. रुसायला वेळ नव्हता.

तिनं कारखान्याची पूड एका साध्या पेल्यात भरली आणि पिंपातलं पाणी ओतायला सुरुवात केली. पूड प्यायली. पेला उपडा केला. थेंब पडला नाही.

"ब्रह्मचारिणीच्या हाताला सिद्धी असते," महाराज म्हणाले.

"सरी, तसं तर तसं," पद्मावती म्हणाली. जिन्यात कल्लाप्पा हमाल तंबाखू चघळत उभा होता. तिनं त्यालाच हाक मारली. "कल्लाप्पा, आज अंघोळ झाली?"

"नाही हो, अक्का. गाडी आली लवकर."

"मग तूच ओत."

बिनअंघोळीच्या कल्लाप्पानं ओतलं, तरी पूड तितकंच पाणी प्यायली. लोक हसले. महाराज हसले नाहीत.

"पाणी कुठं जात नाही," पद्मावती म्हणाली. "या पुडीचा कण म्हणजे भोकं असलेली रिकामी डबी. पाणी डब्यांत शिरून बसतं, एवढंच. आता आत्या, तू हात पुढं कर." तिनं आत्याच्या तळव्यावर बरोबर एक चिमूट पूड ठेवली आणि बोटानं पाणी सोडलं. एक थेंब, दोन, तीन. चौथ्या थेंबाला पुडीचा चिखल झाला आणि पाणी मनगटावरून ओघळलं. "तू रोज एवढंच घेतेस. तीन थेंब पितं ते. तुझ्या पायांतून अठरा दिवसांत किती पाणी गेलं?"

आत्या तळव्याकडे बघत राहिली. डोकं चालू होतं. चाळीस माणसांच्या सैपाकाचा अंदाज डोळ्यांनी घेणारी बाई ती. तिला माप शिकवायची गरज नव्हती.

"शेराशेरानं गेलं असेल," ती म्हणाली. मग थांबली, श्वास घेतला. "तीन थेंबांनी शेर कसा संपेल? या भस्माखेरीज मी आणखी काय केलं होतं?"

उत्तरही तिनंच दिलं. "मीठ सोडलं."

"तू सोडलंस, आत्या. कडक पाळलंस. आणि पुण्य मात्र पुडीला दिलंस."

"श्रद्धा उणी पडली की भस्म काम करत नाही," असं म्हणत महाराज पेला पुसायला लागले. निम्मे लोक जिना उतरले. उरलेले निम्मे, सांगायला लाज वाटते, पुडीसाठी हात पसरून उभेच राहिले, आणि त्यांत नरसिंहराव होते.

उतरताना आत्या मधल्या पायरीवर बसली. "पद्दी, मग ती चक्रं केली कुणी?"

पद्मावती शेजारी बसली. तिनं सांगितलं, की डोंगरातला दगड पावसापाण्यानं झिजतो, थोडा विरघळतोही, आणि कावेरीसारखी नदी तो दगड समुद्राला नेऊन देते. डोळ्याला दिसत नाही, पण तो पाण्यात असतो. समुद्रातलं हे शेवाळ तोच वेचून काचेचं घर बांधतं. मेलं की घर खाली बुडतं. बुडता बुडता बहुतेक घरं पुन्हा विरघळतात, खालचं पाणी कधीतरी वर येतं, आणि त्याच दगडातून दुसरं कुणी घर बांधतं. एकच दगड कितीदा घर होतो याची गणती नाही. फार थोडी घरं तळाशी गाडली जातात. लाखो वर्षांनी तो तळच जमीन होतो आणि माणसं ती पूड खणून काढतात.

"एवढं मोठं खरं असताना," आत्या म्हणाली, "त्या मेल्यानं अगस्त्याला कशाला मध्ये ओढलं?" आणि तिनं हात पुढं केला. "गोळी दे. आणि त्या डॉक्टराला सांग, मीठ मी माझ्या मनानं सोडलंय."

गोळी तिनं तिथंच कापडवाल्याच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतली.

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण डॉक्टर म्हणाले, मीठ सोडलंत ते उत्तम केलंत, मात्र गोळीविना गेलेल्या दिवसांत हृदयाचं जे नुकसान झालं ते भरून निघणार नाही. आत्या पुढं सहा वर्षं जगली, पण जिना म्हणून पुन्हा चढली नाही. घरातली देवाची खोली माडीवर होती, ती खाली आणावी लागली. बिंदुमाधव महाराज महिनाभरात दुसऱ्या पेठेत बसले. आता त्यांच्या पुडीचं नाव सुदर्शनभस्म आहे आणि ते लोकांना भिंगातून चक्र दाखवतात. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली ते पद्मावतीला माहीत आहे, आणि तिला अजून त्याचा संताप येतो.

म्हणून हात जोडून एवढंच सांगणं आहे. कुणाच्या पुडीनं, गंड्यानं, तीर्थानं बरं वाटलं, तर खुशाल आनंद माना, पण त्याच्या पाया पडण्याआधी स्वतःला विचारा, की याखेरीज मी आणखी काय केलं होतं? हे विचारायला कॉलेजात जावं लागत नाही. कृष्णाबाई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या आणि त्यांनी ते भर सभेत विचारलं. फक्त अठरा दिवस उशिरा.