एकतीस पाट

राग आला की मी भरभर बोलते, आणि आनंद झाला तरी भरभरच. त्या हरतालिकेच्या दिवशी मला एकदम दोन्ही झालं, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आमची गणपतीची शाळा आहे. म्हणजे कारखानाच, पण आमच्या रत्नागिरीकडे गणपती घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात. नागपंचमीच्या सुमाराला प्रत्येक घर आपला लाकडी पाट आमच्याकडे आणून देतं आणि त्या घरचा गणपती त्याच पाटावर बसतो. दुसरा पाट चालत नाही. कोणाच्या आजोबांनी करून घेतलेला असतो, कोणाच्या पणजोबांनी.

आमच्याकडे दोनशे चौदा पाट येतात. कुठला कोणाचा, हे एकट्या विठूकाकांना ठाऊक. चाळीस वर्षं त्यांनी आमच्याकडे माती मळली. पाटाखालून हात फिरवायचा आणि घर सांगायचं, वही नाही की चिठ्ठी नाही. दोन वर्षांपूर्वी ते मुलाकडे मुंबईला राहायला गेले आणि गेल्या वर्षी आम्ही यमुनाबाईंचा गणपती भलत्याच घरी धाडला. विसर्जनानंतर रिकामा पाट हातात आला तेव्हा त्यांना कळलं. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. आमच्या पडवीत बसून नुसत्या रडल्या. पुजलेला गणपती काय बदलून देता येतो थोडाच! आप्पा, म्हणजे माझे वडील, महिनाभर धड जेवले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "दर्शना, यंदा एक जरी पाट चुकला ना, तर पुढच्या वर्षी शाळा उघडायची नाही."

आता मला हीच शाळा चालवायची आहे हो! त्यासाठी तर मी कॉलेजात मॅनेजमेंट घेतलं. तिथे दोन वर्षं मी काय शिकले? परदेशातल्या मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग कसे फिरतात ते. सानिका मॅडम वहीतून सांगायच्या आणि आम्ही वहीत उतरवायचो. या वर्षी अभ्यासक्रम बदलला, खऱ्या धंद्यावर प्रकल्प करायचा ठरलं आणि मॅडमनी सरळ वही मिटली. म्हणाल्या, "मलाही हे नवीनच आहे गं. तुमच्या शाळेत जाऊया!"

मी आणि माझ्या गटातला ऋत्विक, आम्ही पाटांच्या कडेला क्यूआर कोडचे स्टिकर लावायचे ठरवले. फोन धरला की घराचं नाव समोर! नागपंचमीला विठूकाका आठ दिवस गावी आले होते. ते एकेक पाट घेऊन नाव सांगत होते आणि मी टाइप करत होते. मॅडम मध्येच म्हणाल्या, "नुसतं नाव नको. त्यांना कसं ओळखू येतं ते त्यांच्या शब्दांत रेकॉर्ड कर."

"कशाला मॅडम? स्टिकर आहे ना!"

"दर्शना, जो काम करतो त्याला आधी बोलू दे. आपला तक्ता नंतर."

तोंड वाकडं करून मी दोनशे चौदा वेळा रेकॉर्डचं बटण दाबलं.

आणि हरतालिकेची सकाळ उजाडली. बाहेर टेम्पो, रिक्षा, टाळ, झांजा, नुसता कल्ला! आत मी, ऋत्विक आणि मॅडम. फोन धरावा, नाव यावं, गणपती निघावा. आप्पा दारात उभे राहून बघत होते आणि चक्क हसत होते. एकशे त्र्याऐंशी गणपती बिनचूक गेले. मी हवेत होते.

मग मागची रांग आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस पाट, सगळ्यांच्या कडा लालभडक! एकही स्टिकर नाही.

"मीच रंगवल्या काल," ऋत्विक म्हणाला. "स्टिकर खरवडून. प्रेझेंटेशनच्या फोटोत एकसारखं दिसावं म्हणून. मला वाटलं, फोनमध्ये यादी आहेच की."

"मेल्या, यादी आहे, पण कुठला पाट कोणाचा ते तुझा काका सांगणार का?"

गणपतीही एकाच साच्यातले, पितांबर सगळ्यांचे पिवळे. घरच्या माणसांना विचारावं, तर त्यांना तरी रंगवलेली कड कशी ओळखू यावी! विठूकाकांना फोन लावला. ते गणपतीला गावी यायला निघालेले, गाडी कुठल्या तरी बोगद्यात, रेंज नाही. आप्पांचं हसू मावळलं. ते आत जाऊन बसले. मला रडूच फुटलं.

"रेकॉर्डिंग!" मॅडम ओरडल्या. "दर्शना, ते कशाने ओळखतात?"

हाताने! आई शप्पथ, हाताने! मी पहिलं रेकॉर्डिंग लावलं. विठूकाकांचा घोगरा आवाज आला, "खाली तीन खिळे. मधला वाकडा." मॅडम आणि ऋत्विकने एकेक पाट अलगद वीतभर उचलायचा, मी खाली हात घालायचा. सहाव्या पाटाखाली तीन खिळे लागले, मधला वाकडा! मी असली किंचाळले की बाहेरच्या झांजा थांबल्या. "डाव्या अंगाला गाठ, सुपारीएवढी." सापडली! "वाळवीने खाल्लाय, पण वरवर." सापडला! माणसं दारातून पुढचं रेकॉर्डिंग ऐकायला आत घुसली. घर सापडलं की मोरया! मॅडमच्या साडीला लाल रंग फासला होता आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

शेवटी दोन पाट उरले. दोन घरं. दारात यमुनाबाई उभ्या होत्या. रेकॉर्डिंग लावलं.

"हा यमुनाबाईचा. हिच्या घोवाने स्वतः तासलेला. सुतार नव्हे तो, मधोमध खड्डा पाडून ठेवलान. अंगठा बसतो बघ त्यात."

मी हात पुढे केला, पण बाई म्हणाल्या, "थांब गो, मी बघतंय." पहिल्या पाटाखाली त्यांनी हात घातला, काढला. दुसऱ्याखाली घातला आणि तो तिथेच राहिला. पाट धरून मॅडमचे हात भरून आले तरी कोणी हललं नाही.

"हाच," त्या म्हणाल्या. "ह्यांचाच."

आप्पा केव्हा मागे येऊन उभे राहिले कळलंच नाही. दोन्ही गणपती गेले, झांजा लांब गेल्या. शाळेत आता फक्त आमच्या घरचा गणपती होता. त्याचे डोळे दर वर्षी सगळ्यात शेवटी आखायचे आणि ते आप्पांनीच आखायचे. आमच्याकडे दुसऱ्या कोणी त्या डोळ्यांना हात लावलेला नाही.

आप्पांनी बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला. मी घाईघाईने रेकॉर्डिंगला फोन काढला.

"फोन त्या रंगाऱ्याकडे दे," ऋत्विककडे बघत आप्पा म्हणाले. "मी सांगतो ते सगळं घे म्हणावं, नीट. पुढच्या वर्षी लागेल."

आणि ब्रश माझ्या हातात दिला.