तिघांची आई

मी पळसदेवची उस्मानाबादी शेळी. रंगानं काळी कुळकुळीत, म्हणून जरिनानं माझं नाव जांभळी ठेवलं. आता सांगणार आहे ती थोडी बढाईच आहे, पण ती मारायचा मला हक्क आहे.

जरिना आणि तिचा नवरा राजमहंमद यांच्या दारातच मी वाढले. पहिल्या वेताला एकच करडू झालं. दुसऱ्या खेपेला मात्र पोट असं सुटलं, की उठताना पाय थरथरायचे.

दिवस भरत आले आणि माझी भूकच गेली. पोटातल्या करडांनी सगळी जागा अडवलेली; चार घास खाल्ले तरी पोट गच्च. ती मात्र माझंच अंग झिजवून वाढत होती. शेवटी मी भिंतीकडं तोंड करून मान टाकली.

राजमहंमद म्हणाला, "ही काय जगत न्हाय. जीव हाय तंवर इकून टाकू."

"गाभण जनावर इकायचं? माझ्या हातनं न्हाय व्हायचं!" जरिनानं माझं तोंड जवळ घेऊन हुंगलं. "अवो, पिकल्या फळावानी वास येतोय. डॉक्टरीणबाईंना फोन लावा."

इंदापूरहून राजलक्ष्मी डॉक्टर आल्या. माझ्या लघवीत बुडवलेली पट्टी माझ्या नावासारखीच जांभळी झाली.

"पोटात दोन, नाहीतर तीन आहेत," त्या म्हणाल्या. "खाणं पुरत नाही, म्हणून ही अंगातली चरबी जाळतेय. त्याचंच विष भिनतंय, वासही त्याचाच. थोडं थोडं, पण सारखं खाऊ घाला."

शिरेतून ग्लुकोज गेलं. जरिना मला हातानं धान्याचा भरडा चारायची, धरून अंगणात फिरवायची. तिसऱ्या दिवशी मी आपणहून हिरव्या लसूणघासाची पेंढी ओढली.

"खातीया की!" राजमहंमद ओरडलाच.

आठवड्यानं, ऊन वर आल्यावर मी व्याले. एक, दोन आणि तिसरं. तिसरं एवढंसं, गार पडलेलं. मी चाटत राहिले, ते हलेना. जरिनानं त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं.

"तोंड गार हाय. आधी ऊब, मग चीक."

तिनं त्याला पुसून छातीशी धरलं. विकून टाकू म्हणणारा राजमहंमदच पळत जाऊन गरम पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. अंगात ऊब आल्यावर माझा चीक पिळून तिनं बाटलीनं पाजला. घटकाभरानं ते धडपडत उठलं आणि थेट माझ्या कासेला धडकलं. सड दोन, पिणारी तिघं! पण मी एकालाही लाथ मारली नाही.

आता तिघंही अंगणभर उड्या मारतात. माझं तुम्हाला एवढंच सांगणं, दारातली गाभण शेळी घास सोडून बाजूला बसली, तर उद्यावर टाकू नका.

पाहुणे आले, की चहाच्या आधी राजमहंमद त्यांना गोठ्यात आणतो.

"ही आमची जांभळी. तीन वाढवलीत हिनं, तीन!"

मग मी मान आणखी थोडी उंच करते.