पाचव्या दिवशीचा दोर

"बांध रे त्याला," नाखवा म्हणाला. "पाच दिवस झाले. माल घेऊन गावचं गाव डोंगरात पसार झालं असणार."

ओंग केंगने दोर उचलला खरा, पण हात चालेनात. चौदा वर्षं तो या चिनी जहाजावर ढोल वाजवत होता. बेटाला लागलं की ढोल वाजायचा, गावकरी होड्या घेऊन यायचे, भांडी आणि लोखंड डोंगरापलीकडे विकायला न्यायचे. ते मेण आणि मोती घेऊन परतेपर्यंत गावातलं एक माणूस जहाजावर ओलीस बसायचं. ही रीत आज्या-पणज्यांपासूनची. दरवर्षी म्हातारा मागातबाबाच बसायचा. केंगच्या शेजारी बसून जेवायचा आणि "बायको जेवायला घालत नाही वाटतं?" म्हणून त्याची फिरकी घ्यायचा.

"एक दिवस थांबू या नाखवा. म्हातारा पळून कुठं जाणार?"

"का रे, तुझा सासरा लागतो?"

खलाशी फिदीफिदी हसले. त्या हसण्याला भिऊन केंगने गाठ मारली, आणि चांगली आवळून मारली. म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "तू तर ओळखतोस ना मला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी होड्या आल्या. गावचा प्रमुख वारला होता, सुतकात कोणी वाट चाललं नव्हतं. माल चोख होता, वर उशीर झाला म्हणून एक डुक्कर आणलं होतं. केंगने घाईघाईने दोर सोडला. मनगटं सोलवटली होती. म्हाताऱ्याने डोक्याचं फडकं काढून त्यांना गुंडाळलं.

"हाताला काय झालं, बाबा?" खाली होडीतून त्याच्या लेकीने, लिवायने विचारलं.

"शिडाचा दोर ओढला गं यांच्याबरोबर. बसून बसून अंग आंबलं होतं."

केंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाखव्याने बांधायला लावलं, हे तो स्वतःला हजारदा सांगे, पण आवळायला कोणी सांगितलं नव्हतं. वर्षभर तो माफीचे शब्द जुळवत राहिला.

पुढच्या खेपेला ढोल वाजला आणि मागातबाबा शिडी चढून वर आला. केंगने तोंड उघडण्याआधीच त्याने दोन्ही मनगटं पुढे केली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"मऊ फडकं आणलंय," तो म्हणाला. "आधी ते गुंडाळ, मग बांध. म्हणजे लेकीला दिसायचं नाही."