लाल गाडीत ताकाचा गडवा

भीमपूरच्या डोमाजींकडे मुलगी मागायला जाणाऱ्याला पगार विचारत नाहीत की शेती विचारत नाहीत. त्याला गाडी चालवायला लावतात. डोमाजी एकतीस वर्षं आरटीसीच्या सरकारी बसवर ड्रायव्हर होते, आणि आपण गेर बदलताना बसमधलं झोपलेलं लेकरू एकदाही जागं झालं नाही याचा त्यांना एवढा अभिमान, की तेवढा लोकांना आमदारकीचाही नसतो. वरच्या गेरात कुणीही जातो, खालच्या गेरात गपगुमान येतो तोच खरा माणूस, हे त्यांचं मत. मत कसलं, घरचा कायदाच होता तो.

परीक्षा साधी होती. पोरानं गेराची चारचाकी आणायची, डोमाजींनी शेजारी डोळे मिटून बसायचं, आणि त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, मागच्या सीटवर मांडीवर ताकानं काठोकाठ भरलेला गडवा धरायचा. भीमपूर ते आदिलाबाद. एक थेंब जरी सांडला तर पोरगा नापास. आजवर तिघं नापास झाले होते. पाटबंधाऱ्याचा इंजिनिअर गावाच्या वेशीतच गेला. मुधोळचा मास्तर तिसऱ्या गतिरोधकावर गेला. ट्रॅक्टरच्या एजन्सीवाला पार आदिलाबाद दिसेपर्यंत पोचला होता, त्याचा एका बकरीनं घात केला. तिन्ही वेळा विमलबाई चिंब लुगड्यानं घरी आल्या आणि त्यांना काय वाटलं हे कुणी विचारलं नाही. ह्या सगळ्या कौतुकात मुलगी, रुपा, एकोणतीस वर्षांची झाली.

चौथा धम्मदीप. हा तहसील कचेरीत क्लार्क. रुपा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. निवडणुकीच्या ड्यूटीवर दोघं एका बूथवर लागले, दिवसभरात मतदार आले दोनशे आणि गप्पा झाल्या दोन वर्षं पुरतील एवढ्या. मग रुपानंच एक दिवस त्याला स्पष्ट सांगून टाकलं, "बाबाच्या इरोधात मी जात नाई. अन् तुह्याशिवाय दुसऱ्याचं नावई घेत नाई. आता काय करतं ते कर."

आता धम्मदीपकडे होती बिनगेरची स्कूटी. क्लच कोणत्या पायाशी असतो इथपासून तयारी होती त्याची. शहाण्या माणसानं अशा वेळी कुणाची तरी जुनी जीप मागून आणली असती. पण धम्मदीप पडला कचेरीतला माणूस. अर्जाला जाड फाईल लावली की काम लवकर होतं, हे त्यानं रोज पाहिलेलं. गाडी जेवढी भारी तेवढे मार्क जास्त, असा हिशेब करून त्यानं हैदराबादच्या नागेशला, म्हणजे आपल्या वर्गमित्राला, फोन लावला आणि त्याची लालभडक, दोन दारांची स्पोर्ट्स कार आठ दिवसांसाठी मागितली. नागेश दोस्तीला जागला, स्वतः गाडी चालवत घेऊन आला. गाडी देताना त्यानं गुरुमंत्रही दिला.

"उजव्या पायाच्या बोटानं ब्रेक दाबून ठेव. डाव्यानं क्लच दाब, गेर खाली आण. क्लच सोडायच्या आंदी त्याच उजव्या पायाच्या टाचेनं एक्सिलेटरले जरासं टोच. इंजिन अन् चाक एका चालीत आले, की कोणाले समजतच नाई."

एका पायानं दोन पेडल! धम्मदीपनं पुढचे सहा दिवस त्याचा सराव कचेरीत केला. पंचिंग मशीनचा दांडा झाला गेर, आणि टेबलाखाली पाय नाचत राहिले. दाखल्यासाठी आलेले लोक आधी घाबरले. मग साहेबाला काही आजार असावा असं समजून मोठ्या मायेनं वागू लागले. एका म्हातारीनं तर गुडघ्याला लावायला तेल आणून दिलं. रोज पहाटे तो मोकळ्या रस्त्यावर खरी गाडीही चालवायचा. सहाव्या दिवशी चौथ्यातून तिसरा गेर असा पडला की त्याचं त्यालाच कळलं नाही. तिसऱ्यातून दुसरा मात्र दहातून चार वेळा बिघडायचा. सहा वेळा जमतं याच्यावर भरवसा ठेवून तो भीमपूरला गेला.

दारात लाल गाडी उभी राहिली तसं अर्धं गाव गोळा झालं. रुपा ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. तिनं गाडीकडे पाहिलं, मग धम्मदीपकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अवं!" आतून डोमाजी एवढ्या जोरात ओरडले की धम्मदीपच दचकला. "चष्मा कुठं हाय माहा? एक वस्तू जाग्यावर भेटत नाई या घरात!"

"डोक्यावर हाय," विमलबाई म्हणाल्या. त्या गडव्यात ताक ओतत होत्या. त्या दचकल्या नाहीत, पण त्यांच्या हातावर थोडं ताक उडालं. ते त्यांनी पदराला पुसलं.

मागची सीट कंपनीनं बहुतेक पिशवी ठेवण्यापुरती केलेली असावी. पुढची सीट वाकवून विमलबाईंना आत सरकवलं, गडवा त्यांच्या मांडीवर दिला. डोमाजी पुढं बसले ते बसतच गेले, बसतच गेले. "हे गाडी हाय का घसरगुंडी?" ते म्हणाले. "चाल, काढ. म्या डोळे मिटले."

त्या रस्त्यावर प्रत्येक गावानं आपापल्या हौसेनं गतिरोधक घातलेत. ज्या गाडीचं पोट रस्त्यापासून वीतभर उंच, तिला प्रत्येक उंचवट्यावर तिरपं चढवून तिरपं उतरवावं लागे. तासाला दोनशे धावणाऱ्या गाडीला एका बैलगाडीनं मागं टाकलं आणि गाडीवानानं वळून हात केला. पण गडवा सलामत होता. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला, सगळं मऊ. डोमाजी मिटल्या डोळ्यांनी मान हलवत होते, आणि धम्मदीपला आपल्या लग्नाचा मंडप समोर दिसायला लागला होता.

मग आला नाल्याकडचा लांब उतार. मोकळा रस्ता, गाडी चौथ्या गेरात, खाली वळण. धम्मदीपनं बोटानं ब्रेक दाबला, टाच वळवली, तिसरा घातला. काही म्हणजे काही कळलं नाही.

"वा," डोमाजी पुटपुटले. "लेकरू झोपलेलं हाय अजून."

ही शाबासकीच नडली. धम्मदीप हरखला, आणि दुसऱ्या गेराच्या वेळी त्याची टाच जास्तच जोरात पडली. इंजिन किंचाळलं. घाबरून त्यानं क्लच एकदम सोडला. गाडीनं दाव्याला बांधलेल्या ढोरासारखे तीन हिसके दिले. पहिल्या हिसक्याला डोमाजींचा चष्मा पडला, दुसऱ्याला त्यांचं डोकं टपाला लागलं, आणि तिसऱ्याला गाडी वळणाच्या आधीच बंद पडून उभी राहिली.

धम्मदीपला रडू यायचंच बाकी होतं. दोन वर्षं पुरतील अशा त्या गप्पा, ते बूथ, रुपाचं ते एक वाक्य, सगळं त्या दुसऱ्या गेरात मोडलं होतं.

"नापास," डोमाजी डोकं चोळत म्हणाले. "अवं, चाल उतर. लुगडं पिळून घे."

"काऊन पिळू? कोरडं हाय."

डोमाजी वळले. धम्मदीपही वळला. विमलबाईंच्या लुगड्यावर खरंच एक थेंब नव्हता. गडवा मांडीवर होता, आणि तळापर्यंत रिकामा होता.

"ताक कुठं गेलं?"

"पेली मी. मांगंच, पयल्या गावापाशी."

"पेली? परीक्षेचं ताक पेली?"

"तीन पोट्ट्यांच्या पायी अंगावर घेतलं. म्हणलं एकडाव पोटात घ्यावं. ऊन किती हाय पाहा." विमलबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "अन् कायदा तुमचाच हाय. थेंब सांडला तं नापास. सांडला काय?"

"हा काय न्याय झाला?" डोमाजींचा आवाज एकदम चढला. "तुले काई अक्कल हाय का नाई? बसल्या जागी..."

"हे पाहा," विमलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र होता तेवढाच राहिला. "बसमधलं लेकरू जागं झालं नाई म्हणता. चांगलं हाय. घरी छत्तीस वर्षं झाले, टॉपमदून सीदे फस्टात येता तुमी. मीठ कमी पडलं, हिसका. चष्मा सापडला नाई, हिसका. माह्या हातचं कितीदा सांडलं ते तुमी एकडाव तरी वळून पाह्यलं काय? या पोट्ट्याचा आज एक गेर चुकला. त्याचं तोंड पाहा कसं झालं. तुमचं कदी झालं होतं असं?"

नाल्यापलीकडून कुणाच्या तरी बकऱ्या रस्त्यावर आल्या आणि निवांत गाडीसमोरून गेल्या. डोमाजींनी पायाशी पडलेला चष्मा शोधला. तो त्यांनी पुसला, डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या काचेतून पाहत राहिले. धम्मदीपला वाटलं, आता हे दार उघडून पायीच निघतील. विमलबाईंनी रिकामा गडवा बाजूला ठेवला आणि कधी नव्हे ते दोन्ही हात मोकळे करून बसल्या.

बकऱ्या संपल्या. डोमाजींनी मान वळवून पुन्हा एकदा मागं पाहिलं. या वेळी त्यांची नजर गडव्यावर नव्हती.

"चालू कर," ते म्हणाले.

धम्मदीपनं किल्ली फिरवली. क्लच दाबून पहिला गेर घातला.

"हळू सोड बापा," डोमाजी म्हणाले. "मांगं तुही सासू बसून हाय."