मावशीच्या खोलीतला सहा मीटरचा रस्ता

माझ्या मावशीच्या दवाखान्यात एक रस्ता आहे. सहा मीटर लांब, पांढरे पट्टे मारलेला, आणि त्यावरून येणारा सायकलवाला महाआगाऊ. फक्त हा रस्ता डोळ्यांवर व्हीआर हेडसेट घातलेल्यालाच दिसतो. बाकीच्यांना दिसते रबरी चटई घातलेली खोली, भिंतीवर लांबलचक आरसा आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. मावशी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ज्यांना बाहेर पडायची धास्ती बसते, त्यांना ती आधी या खोट्या रस्त्यावर चालवते.

पण महिनाभर हा रस्ता अडकत होता. कॉम्प्युटरवरचं चित्र राउटरमार्फत, वायरशिवाय हेडसेटमध्ये जातं. सिग्नल तुटला की चित्र गोठतं. बस जागच्या जागी थिजते, माणूस मात्र चालत असतो. डोळे एक सांगतात, पाय दुसरंच, आणि तोल जायला लागतो.

सगळ्यात जास्त त्रास ड्रायव्हरकाकांना. त्यांनी तीस वर्षं बस चालवलेली. त्यांना आता एकच गोष्ट हवी होती, घरासमोरचा रस्ता एकट्याने ओलांडून पलीकडच्या न्हाव्याकडे जायचं. आजारपणापासून न्हावीच घरी येतो. "खुर्चीत बांधून घातल्यासारखं बसवतो आणि लहान पोरासारखे केस कापतो," काका म्हणायचे, "वर म्हणतो, छान दिसताय!"

मागच्या मंगळवारी त्यांनी हेडसेट काढून मावशीच्या हातात दिला. "ताई, पुढच्या खेपेला पुन्हा अडकलं ना, तर हे डबडं मी डोक्यावर चढवणार नाही. आणि इथेही येणार नाही."

मावशीचा चेहरा एवढासा झाला. मी शाळेतून थेट तिथेच येते, त्यामुळे गणिताची वही नावापुरती उघडून सगळं ऐकत होते.

"मी बघते," मी म्हणाले.

"तू?" दवाखान्यातल्या सिस्टर हसल्या. "मागे प्रिंटर पण तूच बघितला होतास."

प्रिंटरचं प्रकरण वेगळं होतं. ते सोडा.

मी फोनवर बघितलं तर त्या इमारतीत चौदा वायफाय, आणि आपल्यासकट अकरा एकाच चॅनलवर चेंगराचेंगरी करत होते. मी आपला राउटर रिकाम्या चॅनलवर नेला. मग हेडसेट घालून आठ वेळा रस्ता ओलांडला. लोण्यासारखा! सायकलवाल्याला वेडावूनही दाखवलं. "झालं काम," मी जाहीर केलं.

आज मंगळवार. काका आले, हेडसेट चढवला. मावशीने त्यांच्या कमरेचा पट्टा मागून धरला, सिस्टर बाजूला, मी कॉम्प्युटरपाशी. एक पाऊल, दोन, तीन, चार. रस्त्याच्या मधोमध काका जरासे डगमगले.

"कडं!" मावशी ओरडली.

हा तिचा नियम आहे. पेशंट डगमगला की तिने झटकन पुढे यायचं, सिस्टरने आणि पेशंटच्या घरच्या माणसाने दोन्ही बाजूंना, असं माणसांचं कडं करायचं. सहा वर्षांत तिच्या खोलीत एकही पेशंट पडलेला नाही. काकांचा मुलगा दारातून धावला, कडं झालं.

आणि चित्र गोठलं.

"अडकलं," काका शांतपणे म्हणाले. त्यांनी हेडसेट काढला. "दे रे माझ्या चपला."

मला वाटलं, जमिनीने मला गिळावं. पण माझी नजर पडद्यावर होती, तिथे सिग्नलची एक हिरवी रेघ सरकत असते. ती काका डगमगले तेव्हा सरळ होती. कोसळली ती कडं झाल्यावर.

"काका, पाच मिनिटं! चपला नंतर!" मी हेडसेट स्वतः घातला आणि रस्त्याच्या मध्यावर उभी राहिले. "आता मला कडं करा."

"भिंगरे, खेळ नाही हा," मावशी म्हणाली.

"कर ना गं!"

तिघं जवळ आली. बस थिजली. "लांब व्हा." बस निघाली. "या." थिजली. सिस्टरच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

"चॅनल मी रिकामा शोधला, पण राउटर टेबलावर आहे, आपल्या छातीच्या उंचीवर," मी हेडसेट काढत भराभरा सांगायला लागले. "या लहरींना पाण्यातून जाता येत नाही, आणि आपण सगळे चालते-बोलते पाण्याचे पिंप आहोत. मी एकटी चालले तेव्हा मधे कोणीच नव्हतं, म्हणून मला कळलं नाही. काका डगमगले की तुम्ही मधे येता, मग चित्र अडकतं, मग काका आणखी डगमगतात!"

काका एका पायात चप्पल घालून ऐकत होते. "म्हणजे लेन मोकळी केलीस, पण मधे ट्रक आडवा."

"बरोब्बर!"

"ट्रक?" मावशीने कमरेवर हात ठेवले. "आणि कडं मी मोडणार नाही हं. चित्र गेलं तरी चालेल, माणूस पडता कामा नये."

"कोण मोडायला सांगतंय? सिग्नल तुमच्या डोक्यावरून आणू."

कोपऱ्यात सलाईनचा स्टँड होता. त्याची दांडी शेवटपर्यंत वर खेचली, बँडेजच्या पट्टीने राउटर तिच्या टोकाला बांधला, आणि स्टँड रस्त्याच्या मध्यावर, भिंतीलगत उभा केला. "राउटरला सलाईन लावली पोरीने," सिस्टर म्हणाल्या. पुन्हा कडं केलं. हिरवी रेघ जराशी थरथरली आणि सरळ धावत राहिली.

मी काकांकडे बघितलं. हेडसेट त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चप्पल काढली.

चार पावलं. मधोमध पुन्हा तोल गेला. "कडं!" मावशी पुढे, दोघं बाजूला. मी हिरव्या रेघेवर डोळे लावले.

"बस चालू आहे," काका म्हणाले. "थांबा, जाऊ दे तिला. काय चालवतोय लेकाचा!" बस गेल्यावर त्यांनी पाय उचलला. कडं त्यांच्याबरोबर सरकलं, मग हळूहळू सैल झालं, आणि शेवटची दोन पावलं मावशीच्या हातात नुसता पट्टा होता, तोही ढिला.

पलीकडच्या फुटपाथवर काका थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"ताई, इथे न्हावी कुठाय?"

"तो खऱ्या रस्त्यावर," मावशी म्हणाली.

"मग पुढच्या मंगळवारी तिकडेच या," काका म्हणाले. "पट्टा आणा. सलाईन राहू दे."