बाबांच्या गाडीचा मागचा ॲक्सल

मी मागचा ॲक्सल बोलतोय. जुन्या मोटारीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा. गाडी बघायला आलेली माणसं तिच्या रंगावरून, चामड्याच्या सीटवरून हात फिरवतात. माझ्यासाठी कुणी वाकत नाही. वाकलंच, तर समजायचं, खालून तेल गळतंय.

मी कारखान्यात घडलो. पोटात दातेरी चाकं बसली, दोन्ही टोकांना डब्याच्या झाकणासारखे ड्रम चढले. ब्रेक दाबला की ड्रमच्या आतल्या पट्ट्या फाकायच्या, ड्रमला घट्ट धरायच्या आणि चाक थांबायचं. काम सरळ होतं.

आमची गाडी दाताच्या एका डॉक्टरांनी घेतली. घरात त्यांची बायको, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मागच्या सीटवर बहीण-भावाची जुंपली की डॉक्टर गाडी कडेला घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी तुमचं मिटू दे, मग पुढं जाऊ." कधी कधी बराच वेळ पुढं जाणं व्हायचं नाही.

मुलं मोठी झाली, डॉक्टर गेले. मुलीने मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं, मुलाने चष्म्याचं दुकान. गाडी मुलाकडे राहिली. सुट्टीच्या दिवशी तो तिला पुसायचा आणि आईला फिरवून आणायचा.

अशाच एका फेरीत उतारावर पाणी साचलं होतं. गाडी त्यातून गेली आणि माझ्या डाव्या ड्रममध्ये पाणी शिरलं. खाली वळणावर कुत्रं आडवं आलं. मुलाने ब्रेक दाबला. उजव्या चाकाने धरलं, डाव्याने धरलं नाही. गाडीचं बूड गर्रकन फिरलं आणि गाडी बेकरीच्या भिंतीवर आदळली. कुत्रं निघून गेलं. आईचं मनगट मोडलं.

हाड जुळलं, पण आई पुन्हा गाडीत बसली नाही. "मला आपलं चालणंच बरं," एवढंच म्हणायची. मुलाला कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्याचंच त्याला जड गेलं असावं. त्याने गाडीवर कापड टाकलं आणि पुसणंही सोडलं.

एक दिवस बहिणीने ते कापड ओढून काढलं.

"मागचा ॲक्सलच बदलू. भंगारात निघालेल्या एका नव्या मॉडेलच्या गाडीचा मिळतोय, डिस्क ब्रेकवाला."

"बाबांची गाडी आहे, ताई. आहे तशीच राहू दे."

"पुढचे ब्रेक बाबांनीच बदलून घेतले होते. तेव्हा काय ती शेजाऱ्यांची झाली?"

भावाने बॉनेटवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "आणि ब्रेक बदलूनही मला भीतीच वाटली तर?"

"मग मी शेजारी बसेन. पोटासाठी रोज परक्यांच्या शेजारी बसते, तू तर घरचा आहेस."

गॅरेजमध्ये माझे बोल्ट सुटेनात. मिस्त्रीकाकांनी ते गॅसच्या ज्योतीने तापवले. "म्हातारा खुर्ची सोडत नाही," ते हसत म्हणाले. भाऊ मात्र म्हणाला, "काका, जरा हळू." मला दुखलं असं मी म्हणणार नाही. सुटलो, खाली आलो, एवढंच.

नवा ॲक्सल बोटभर आखूड निघाला. "नवरदेव बुटका आहे, पाट ठेवावा लागेल," म्हणत काकांनी चाकांच्या आत जाड चकत्या घातल्या. स्प्रिंगवर बसायच्या बैठका कापून नव्या जागी वेल्ड केल्या, हँडब्रेकची केबल बदलली. मी भिंतीशी पडून बघत होतो. त्याची ब्रेकची चकती उघडी होती. पाणी पडलं तरी फिरता फिरता उडून जाणार. त्याच्याबद्दल मला वाईट बोलता येणार नाही.

बहिणीने रिकाम्या मैदानावर भावाला पुन्हा पुन्हा ब्रेक लावायला लावला, कोरड्यावर आणि ओल्यावर. हे मी काकांच्या तोंडून ऐकलं. मग एका सकाळी ती आईलाच गॅरेजमध्ये घेऊन आली.

आईने गाडीभोवती एक फेरी मारली. "चालवणार कोण?"

बहीण किल्ली घेऊन उभी होती. तिने ती भावाच्या हातात ठेवली आणि मागे जाऊन बसली. आई पुढचं दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "उतारावरून ने. त्याच."

गाडीचा आवाज कोपऱ्यावरून लांब गेला. काका हातातला पाना नुसताच पुसत बसले. गाडी परत आली तेव्हा भावाचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तो उतरून आईच्या बाजूचं दार उघडायला धावला. आईने दार आतून ओढून घेतलं.

"उतरवतोस कशाला? बेकरीपाशी थांबायचं राहिलं. पाव घ्यायचाय."

ते पुन्हा गेले. काकांनी पाना ठेवला आणि चहा सांगितला.

माझं काय करायचं, असं काकांनी नंतर विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, "कुणाच्या तरी कामाला येऊ दे." आता मी रोपवाटिकेतल्या एका ढकलगाडीखाली आहे. वर कुंड्या असतात, रोपवाली बाई मागून ढकलते आणि थांबायचं झालं की चाकाखाली वीट लावते. माझं बरं चाललंय. उजवं बेअरिंग तेवढं कुरकुरतं. बाई, कुंड्यांना पाणी घालून झालं की मला थोडं ग्रीस लावाल का?